चौदा ते एकेचाळीस कुठे गेले?

आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे. तो मी केला आहे. त्यावर लाल पेनाने एक मोठे प्रश्नचिन्ह आहे. ते मात्र मी काढलेले नाही.

मागच्या टर्मला प्रदर्शनासाठी सरांनी मला लिनक्सवर तक्ता करायला सांगितला. लिनक्स सगळ्यांना खुले आहे. वेगवेगळे गट ते आपापल्या पद्धतीने बांधून देतात आणि अशा प्रत्येक बांधणीला डिस्ट्रो म्हणतात. माझ्या वाट्याला ओपनसुसे आली. प्रेपच्या वेळेत (हाउस मास्तरांनी एवढे वाक्य सोडून द्यावे) मी तिच्या आवृत्त्या क्रमाने उतरवल्या : 2014 साली 13.2, 2015 साली 42.1, पुढे 42.2, 42.3 आणि 2018 साली 15.0. सरांना वाटले मी पेंगत लिहिले. म्हणून ते प्रश्नचिन्ह.

त्या रात्री लाइट्स आउटनंतर आमच्या डॉर्ममध्ये चर्चासत्र भरले. 14 ते 41 गेल्या कुठे? पहिला तर्क असा की त्या एक्स्ट्रा ड्रिलला गेल्या आणि उस्तादांनी अजून 'विश्राम' म्हटलेले नाही. दुसरा, त्या स्टोअरमध्ये जमा झाल्या. आमच्या स्टोअरमध्ये गेलेली वस्तू परत आल्याचे कोणाच्या पाहण्यात नाही. तिसरा तर्क मेसचा होता : रविवारच्या चिकनसारखे, पातेल्यात होते, ताटापर्यंत पोचले नाही. आणि 42 नंतर 15 का? यावर मात्र सगळ्यांचे एकमत झाले. ती फार उडत होती, म्हणून तिची पट्टी काढून घेतली.

खरे कारण आमच्या तर्कांपेक्षा फार शहाणे नाही. 2015 मध्ये ओपनसुसेने कंपनीच्या मोठ्या, पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीच्या पायावर आपली नवी बांधणी उभी केली. नवा पाया, म्हणून नवा आकडा. 1996 मध्ये सुसेच्या पहिल्या स्वतंत्र बांधणीचा आकडा 4.2 होता, त्याची ही आठवण. आणि तो आकडा डग्लस ॲडम्सच्या 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' या विनोदी कादंबरीतला. तिच्यात एक महासंगणक 75 लाख वर्षे विचार करतो आणि जगातल्या सर्वांत मोठ्या प्रश्नाचे उत्तर देतो : 42. प्रश्न नेमका काय होता ते कोणालाच ठाऊक नसते. गणिताच्या पेपरात माझेही पुष्कळदा असेच होते, पण मला त्याचे मार्क मिळत नाहीत.

मग कंपनीची ती मोठी आवृत्ती 12 वरून एकदम 15 वर गेली आणि तिच्याशी जुळवून घ्यायला ओपनसुसे 42 वरून 15 वर उतरली. मधले 13 आणि 14 गाळले, कारण पाश्चात्त्य देशांत 13 अशुभ आणि चिनी भाषेत चारचा उच्चार 'मृत्यू'च्या शब्दाजवळ जातो. आपणही 'तीन तिघाडा काम बिघाडा' म्हणतो, पण म्हणून कोणी दुसरीतून थेट चौथीत गेलेला नाही.

स्लॅकवेअर नावाची जुनी डिस्ट्रो 1999 मध्ये 4.0 वरून सरळ 7.0 वर गेली. बाकीच्यांचे आकडे सहापर्यंत पोचले होते आणि 'तुमचे अजून चारच कसे?' असे लोक विचारून विचारून भंडावत होते. म्हणजे शेजारच्यांच्या मुलाचे मार्क फक्त आपल्याच घरी विचारतात असे नाही. मला सगळ्यांत आवडली ती उबुंटू. तिचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना, म्हणून ऑक्टोबर 2004 ची पहिलीच आवृत्ती 4.10. एप्रिल 2006 ला 6.04 यायची होती. काम पुरे झाले नाही, दोन महिने उशीर झाला, तर त्यांनी निमूटपणे 6.06 लिहिले. फॉल-इनला उशिरा येऊन असे सांगणारा कॅडेट मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः तर नाहीच.

हे सगळे मी हसत हसत लिहीत होतो. डेबियनपाशी आलो आणि थांबलो.

डेबियनची 1.0 आवृत्ती कधी निघालीच नाही. 1995 च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने तिची अर्धवट, चालू कामातली प्रत उचलली आणि '1.0' असे नाव देऊन विकली. ती धड सुरूही होईना. डेबियनच्या लोकांना जाहीर करावे लागले की ही आमची 1.0 नव्हे. त्यांना पुढे खरी 1.0 काढता आली असती. पण लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी तो आकडा तसाच रिकामा सोडला आणि जून 1996 मध्ये 1.1 काढली. तेव्हापासून काम चालू असेपर्यंत त्यांच्या आवृत्तीला नाव असते, 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्राचे. आकडा तयार झाल्यावर. आमच्याकडे उलट आहे. पहिल्या दिवशी नंबर मिळतो, नाव कळायला महिना जातो.

आमच्या हाउसच्या रात्रीच्या हजेरीत सोळानंतर अठरा येतो.

सतरा नंबर माझा मित्र होता. सातवीतल्या दिवाळीच्या सुट्टीला आम्ही एकाच गाडीने घरी गेलो आणि परत येताना मी एकटा होतो. गेलेल्याचा नंबर शाळा दुसऱ्याला देत नाही. मागच्या वर्षी सहावीला आलेल्या मुलांनी विचारले, "सर, सतरा नंबर कौन है?" मी म्हणालो, तो अमावास्येच्या रात्री पाण्याच्या टाकीवर चढला होता, तेव्हापासून हजेरीला तोच 'प्रेझेंट' म्हणतो, फक्त ऐकू येत नाही. गोष्ट फारच यशस्वी झाली. सहावीतला एक मुलगा रात्री बाथरूमला जाईना, त्याची गादी ओली झाली आणि मेट्रननी त्याला सगळ्यांसमोर बोलले. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही.

खरे कारण मला माहीत होते. सतराच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि पहाटे उठून धारा काढायला, डेअरीला दूध घालायला घरात दुसरे कोणी नव्हते. हे सांगायला एक मिनिट लागले असते. टाकीची गोष्ट जास्त छान होती, एवढेच.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मिरजेहून एसटीने त्याच्या गावी गेलो. त्याचा आवाज आता फुटला आहे आणि हात माझ्या दुप्पट झाले आहेत. काळी ट्रंक गोठ्याच्या दाराशी होती, पांढऱ्या रंगातला 17 अजून स्पष्ट दिसतो. तिच्यात आता पेंड ठेवतात. चहा घेताना त्याने पहिला प्रश्न विचारला, "माझा नंबर कुणाला दिला रे?"

"कुणालाच नाही."

"खरं?"

"आईशप्पथ. सोळा झाला की अठरा."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग मी त्याला भुताची गोष्ट सांगितली, गादीसकट. वाटले, आता शिव्या घालणार. तो म्हणाला, "टाकीवर कशाला चढवलास? दोराच्या शिडीवर मी दुसऱ्या पायरीला रडायचो, विसरलास? आणि त्या पोराला सांग की असलं काही नाही."

या टर्मच्या पहिल्या रविवारी मी त्या मुलांना गोळा केले आणि सतरा कोण, तो किती वाजता उठतो, किती म्हशी आहेत, सगळे सांगितले. ज्याची गादी ओली झाली होती त्याने एकच विचारले, "सर, फिर हाज़िरी में कौन बोलता है?"

मी म्हटले, कोणी नाही. बाकीच्यांचे चेहरे जरा पडले. त्यांना टाकीची गोष्ट आवडली होती.