विशेषणाचे विशेषण : 'एवढ्या मोठ्या वाड्यात'

'क्रियाविशेषण' ह्या संज्ञेची मर्यादा तिच्या नावातच आहे. क्रियेविषयी अधिक माहिती देणारा शब्द, एवढेच ती सांगते. इंग्रजी व्याकरणात 'अ‍ॅडव्हर्ब'ची व्याप्ती यापेक्षा मोठी मानली गेली. लिंडले मरे यांनी १७९५ च्या आपल्या व्याकरणात क्रियापद, विशेषण आणि क्वचित दुसरे क्रियाविशेषण अशा तिघांशीही त्याचा संबंध जोडला होता. (लॅटिनमधील 'व्हर्बुम' म्हणजे केवळ क्रियापद नव्हे, 'शब्द'ही, त्यामुळे तिकडे नावाचा जाच थोडा कमी.) आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत व्याकरणविचाराची जी परंपरा घडली, तिच्या मागोमाग आलेल्या शालेय पुस्तकांत क्रियाविशेषण अविकारी शब्दांच्या रांगेत स्थिरावले. क्रियापदाच्या बाबतीत ते बहुतांशी निभावते. ('ती चांगली गाते' यातील 'चांगली'चे काय, असा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतोच, तो वाद येथे बाजूला ठेवतो.) परंतु विशेषणाच्या आधी येणाऱ्या शब्दालाही आपण त्याच रांगेत उभे करतो, तेव्हा मराठी भाषा मुकाट्याने निराळेच काही करत असते.

माझे लक्ष याकडे गेले ते भाषांतराचा पेपर शिकवताना. इंग्रजी गद्यात पावलोपावली भेटणारी एक साधी रचना आहे : 'इन अ व्हेरी ओल्ड हाउस'. आधी शब्दयोगी, मग उपपद, मग क्रियाविशेषण, मग विशेषण, शेवटी नाम. येथे 'व्हेरी'चा 'हाउस'शी थेट संबंध नाही. ते 'ओल्ड'ला चिकटलेले आहे आणि 'ओल्ड' नामाला. ओटो येस्पर्सन यांनी 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' (१९२४) मध्ये शब्दांच्या तीन श्रेणी कल्पिल्या, त्या अशा रचनांना चपखल बसतात : नाम प्रथम श्रेणीचे, विशेषण द्वितीय, आणि विशेषणाला विशेषित करणारा शब्द तृतीय. इंग्रजीत ह्या तिघांपैकी कोणीही दुसऱ्यासाठी आपले रूप बदलत नाही. घर एक असो वा अनेक, त्याच्या आत असो वा मागे, 'व्हेरी ओल्ड' तसेच राहते. सारा कारभार जागेवर चालतो.

आता मराठीकडे वळू. 'एवढा मोठा वाडा', 'एवढी मोठी बाग', 'एवढे मोठे घर'. आणि विभक्ती किंवा शब्दयोगी लागताच 'एवढ्या मोठ्या वाड्यात', 'एवढ्या मोठ्या बागेमागे'. येथे 'एवढा' हा तृतीय श्रेणीचा शब्द. तो मोठेपणाचे प्रमाण सांगतो, वाड्याविषयी स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. तरीही तो नामाचे लिंग, वचन आणि सामान्यरूप अंगावर घेतो. कोणी म्हणेल, तो शेजारच्या विशेषणाचे अनुकरण करीत असावा. पण 'मोठा'च्या जागी न बदलणारे विशेषण घालून पाहावे : 'एवढा सुंदर वाडा', 'एवढी सुंदर बाग', 'एवढ्या सुंदर बागेत'. 'सुंदर' जागचे हललेही नाही आणि 'एवढा' मात्र त्याला ओलांडून थेट नामाशी जुळता झाला. अर्थाने तो विशेषणाचा, रूपाने नामाचा. त्याला अविकारी क्रियाविशेषण कसे म्हणावे?

आणि हे एकट्या 'एवढा'चे वैशिष्ट्य नाही. 'इतका', 'तेवढा', 'केवढा', 'थोडा', 'बराच', 'भलताच' हे सारे असेच वागतात. 'चांगल्या जाडजूड काठीने' यातला 'चांगला' काठीच्या गुणाची शिफारस करीत नाही, तिची जाडी वाढवतो. 'कमालीच्या थंड पाण्यात' यात तर षष्ठीचे रूपच प्रमाणवाचक झाले आहे. 'लहानशा खोलीत' ह्या प्रयोगात इंग्रजीला ज्यासाठी स्वतंत्र शब्द लागला असता ती छटा 'सा'ने विशेषणाच्या आतच सामावून घेतली आणि तिचाही 'शा' झाला. हिंदीतही 'इतने बड़े घर में' असेच म्हणतात, तेव्हा ही काही मराठीची खासगी मिरास नव्हे. 'फार', 'अगदी', 'जरा', 'अत्यंत', 'अतिशय' हे मात्र अविकारी राहतात. म्हणजे मराठीत दोन घराणी आहेत आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी दुसऱ्यालाच ओळख दिली आहे.

हा केवळ वर्गीकरणाचा प्रश्न असता तर मी त्यावर पाने खर्च केली नसती. संज्ञेने एकदा दिशा दाखवली की लेखणी त्या दिशेने जाते. 'इन अ सरप्रायझिंगली क्वाएट व्हॉइस' हे शब्द समोर आले की माझे विद्यार्थी, आणि अलीकडे छापील भाषांतरेही, लिहितात : 'आश्चर्यकारकरीत्या शांत आवाजात'. 'ली' दिसला की क्रियाविशेषण, आणि क्रियाविशेषण म्हटले की 'रीत्या' किंवा 'पणे', असे समीकरण डोक्यात पक्के झालेले असते. 'रीत्या' हे 'रीति' शब्दाचे संस्कृत तृतीयेचे रूप. 'योग्यरीत्या हाताळणे' यात ते शोभते, कारण तेथे हाताळण्याची रीत आहे. शांत असण्याला कसली रीत? येथे शांतपणाचे प्रमाण सांगायचे आहे आणि ते ऐकणाऱ्याच्या अपेक्षेशी ताडून सांगायचे आहे. त्यासाठी मराठीपाशी 'आश्चर्य वाटावे इतक्या शांत आवाजात' अशी ऐसपैस रचना आहे, आणि त्यातही अखेर नामाशी जुळणारा 'इतक्या' येऊन उभा राहतोच. लांबी नको असेल तर 'कमालीच्या शांत आवाजात' आहे. 'विलक्षणपणे सुंदर' लिहिणाऱ्याला मी 'पणे' खोडून दाखवतो. 'विलक्षण सुंदर' यात काहीही उणे पडत नाही.

प्रमाणाचा प्रश्न नसून मर्यादा घालायची असेल तर मराठी आणखी वेगळी वाट धरते. 'प्रकृतीने अशक्त माणसाला', 'रंगाने सावळ्या मुलीला' : तृतीया पुरते. 'आर्थिकदृष्ट्या मागास' हा प्रयोग तर इतका रुळला आहे की त्याची मूळ इंग्रजी घडण आता कोणाला खटकत नाही, मलाही नाही.

इंग्रजीचे एक सामर्थ्य मात्र मान्य करायला हवे. तिचे शब्दयोगी पदबंधाच्या तोंडाशी असल्यामुळे त्याच्या बाहेरची आणि आतली अशा दोन वेगळ्या जागा क्रियाविशेषणाला मिळतात. 'ईव्हन इन अ स्मॉल टाउन' यात पहिला शब्द संपूर्ण पदबंधाला लागतो, 'इन अ व्हेरी स्मॉल टाउन' यात तो आत शिरून विशेषणाला लागतो. आपला प्रत्यय शेवटी येतो, त्यामुळे ह्या दोन्ही जागा आरंभी एकत्र होतात. 'अगदी लहान गावात' याचे दोन्ही अर्थ संभवतात. बोलताना आघाताने ते वेगळे होतात. कागदावर संदर्भावर भिस्त.

विकारी घराण्याची अडचण निराळी आणि संशोधनाच्या गद्यात अधिक धोक्याची. 'बऱ्याच जुन्या पोथ्यांत हा पाठ आढळतो' असे वाक्य एका प्रबंधात वाचनात आले. बऱ्याच पोथ्यांत, की बऱ्याच जुन्या अशा पोथ्यांत? पहिल्या अर्थी पाठाचा प्रसार सिद्ध होतो, दुसऱ्या अर्थी त्याची प्राचीनता. आणि पुढचे संपूर्ण प्रकरण त्या प्राचीनतेवर उभे होते. 'बराच' नामाशी रूपाने जुळतो म्हणूनच तो नामाचा संख्यावाचकही होऊ शकतो. एकवचनात हा पेच उरत नाही : 'बऱ्याच जुन्या पोथीत' याचा अर्थ एकच. इंग्रजीत 'मोअर' हा शब्द असाच फसवा आहे. 'इन मोअर रीसेंट बुक्स' म्हणजे अधिक पुस्तके की अधिक अलीकडची, हे तेथेही रचनेवरून कळत नाही. तेव्हा दोष भाषेला देऊ नये. प्रबंधकाराने 'अनेक' किंवा 'पुरेशा' असा शब्द निवडून मोकळे व्हावे.

गेली काही वर्षे मी वर्गात उलटी कसरतही देतो, म्हणजे मराठीतून इंग्रजीत. 'हिरव्यागार शेतातून', 'काळ्याकुट्ट अंधारात', 'पिवळ्याधमक साडीत'. येथे प्रमाण सांगणारा घटक विशेषणाला मागून चिकटला आहे, सामान्यरूप पहिल्या घटकाने घेतले आहे आणि प्रत्येक रंगाने आपला सोबती ठरवून ठेवला आहे. 'कुट्ट' काळ्यापासून सोडवून हिरव्याला लावता येत नाही. यांना क्रियाविशेषण म्हणण्याचे धाडस कोणीच केलेले नाही, आणि 'व्हेरी' जे काम करतो तेच काम हे करतात हे तर उघड आहे. अंधारासाठी 'पिच डार्क' बहुतेकांना सुचते. शेतासाठी 'लश ग्रीन' एखादा लिहितो. साडीपाशी मात्र सगळे थांबतात. 'व्हेरी यलो' हे उत्तर मी बरोबर धरत नाही.