वडिलांचे पदक

गतवर्षी क्रिकेटच्या सामन्यात शून्यावर बाद झालेल्या एका विद्यार्थ्यास आम्ही सहज बोलून गेलो, "अरे, तुझे वडील केवढे पटाईत खेळाडू होते!" मुलगा मान खाली घालून गेला, तो पुन्हा मैदानावर दिसेना. तेव्हापासून लिअँडर पेस यांचे चरित्र आमच्या मनात घोळत आहे.

पेस यांचा जन्म १९७३ साली कलकत्त्यास झाला. वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे. १९७२ साली म्यूनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते होते. मातोश्री जेनिफर बास्केटबॉलमध्ये भारताकडून खेळल्या. घरी पदक होते खरे. परंतु ते वडिलांचे. लिअँडर यांनी हॉकीची स्टिक न धरता टेनिसची रॅकेट धरली व लहानपणीच घर सोडून मद्रासच्या टेनिस अकादमीत प्रवेश घेतला.

१९९६ साली अटलांटा येथे उपांत्य सामन्यात आगासीने त्यांस हरविले; मनगटही दुखावले. कांस्यपदकाच्या सामन्यात ब्राझीलच्या मेलिजेनीने पहिला सेट घेतला. तथापि पुढील दोन्ही सेट जिंकून लिअँडर यांनी पदक मिळविलेच. पुढे दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून त्यांनी १८ ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे संपादिली.

पालकहो, घराण्यातून मुलास खेळाची गोडी लाभते. सामना मात्र त्याचा त्यानेच खेळावयाचा असतो. आम्ही त्या विद्यार्थ्याजवळ आमची चूक कबूल केली व विचारले, "तुला कोणता खेळ आवडतो?"

"खो-खो, सर," तो हळूच म्हणाला.

हा प्रश्न आम्ही प्रथमच विचारावयास हवा होता.