खुनी सापडतो, निर्दोष सुटतो

सुरगाण्यात पाऊस लागला की वीज जाते आणि इशाच्या नमाजनंतर बॅटरीच्या उजेडात मी रहस्यकथा काढून बसते. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल माझी विशेष लाडकी. १९३० सालच्या ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’पासून १२ कादंबऱ्यांत भेटणारी, सेंट मेरी मीड या खेड्यात राहणारी अविवाहित वृद्धा. हातात पिस्तूल नाही, विणकामाच्या सुया!

खून होऊनही या कथा अंगावर येत नाहीत. रक्त कमी, चहापाण्याच्या गप्पा जास्त. कोण कुणाकडे कधी गेलं, हे आपल्या मोहल्ल्यातल्या खालांनाही पाठ असतं. आपल्याकडे त्याची चुगली होते, मार्पलबाई त्यातून पुरावा काढतात.

लहान गावात संशय आधी गरिबावर, परक्यावर जातो. एकदा लागलेला डाग मुलाबाळांच्या सोयरिकीपर्यंत पोचतो. कुरआनने सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहायला सांगितलं आहे, ते उगीच नाही. या कथांत खुनी सापडतो, त्याहूनही निर्दोष माणूस मोकळा होतो, याचा मला आनंद वाटतो.

म्हणून मुलींच्या हाती ही पुस्तकं देताना मी सांगते, “नाव घ्यायची घाई करू नका, आधी सगळ्यांचं ऐकून घ्या.”