पवित्रा

वर्तमानपत्रात कुणीतरी ‘आक्रमक पवित्रा’ घेतल्याचे वाचले, की मला आजोबा आठवतात. औंढा नागनाथच्या परिसरातील आमच्या गावी ते तालमीत दांडपट्टा शिकवीत. पवित्रा म्हणजे त्यांच्या लेखी पायांची ठेवण. पट्ट्याची मूठ कोपराजवळपर्यंत हात झाकते, मनगट वळू देत नाही. म्हणून वार खांद्यातून, कमरेतून आणि अखेर पायांतून येतो. शब्द पुढे राजकारणात गेला, पाय मागेच राहिले.

पीएच.डी.साठी शब्द गोळा करताना मी त्यांना ओसरीवर बसवून तासन्‌तास प्रश्न विचारले. फरीगदगा, बोथाटी असे कितीतरी शब्द वहीत उतरवले, उच्चार टिपले. उठून एकदा करून दाखवा, असे मात्र म्हणालो नाही. ते गेले. त्या वहीवरून कुणालाही एक पाऊलसुद्धा टाकता येत नाही.

हे मला लख्ख कळले ते दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ चाळताना. बडोद्याच्या या गृहस्थांनी १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड सिद्ध केले. १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर शस्त्रविद्या आखाड्यांपुरती उरली होती. मुजुमदारांनी शब्दांसोबत देहही नोंदवला: लाठी, जंबिया, मल्लखांब यांच्या कृती वर्णनांनी आणि चित्रांनी. व्याकरण लिहायचे ते बोलणारे हयात असताना. शरीराच्या भाषेबाबत हे त्यांनी ओळखले. भाषाशास्त्राची पदवी मिरवणाऱ्या मला ते सुचले नाही.

लेझीमचेच पाहा. शब्द फारसीतला, अर्थ, सरावाचे धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी असे. बाण कधीच गेला, ताल राहिला, आणि आता गणेशविसर्जनाला मुली ते शस्त्र नाचवतात.

गेल्या वर्षी अभ्यासकेंद्रावर रविवारच्या तासाला मी हे सांगत होतो. मागच्या बाकावरचे पन्नाशीतले एक विद्यार्थी, व्यवसायाने शेतकरी, उठले. “सर, माफ करा, पण तुम्ही उभे राहिलात तसा पवित्रा नसतो.” त्यांनी बाके सरकवली, गुडघे किंचित वाकवून उभे राहिले. मी वही मिटून त्यांच्या शेजारी गेलो. माझा उजवा पाय त्यांनी स्वतःच्या पायाने जरा बाहेर सरकवला.