मी मस्त आहे रे!

मुंबईतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला फोन करून विचारा, "कशी आहेस?" उत्तर ठरलेलं: "मी मस्त आहे रे, तू तुझं बघ." आमच्या धंद्यात याला पिंग म्हणतात. पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन चालू आहे एवढंच कळतं. आत डिस्क किती भरलीये, काय बंद पडलंय, ते कळत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागात, एका बंद फ्लॅटमध्ये, एकट्या राहणाऱ्या बाईंचा सांगाडा सापडला होता. आठवतंय ना? पेपरात आलं होतं की परदेशातल्या मुलाशी त्यांचं शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मध्ये झालं होतं. हे टोकाचं उदाहरण, मान्य. पण बाईंचा आवाज थांबल्याचं एवढ्या दाट वस्तीत कोणाला कळलं नाही, हे काही डोक्यातून जात नाही.

माझी आत्या मुलुंड पूर्वेला एकटी राहते. वय ७९, दुसरा मजला, लिफ्ट नाही. महापालिकेच्या शाळेत बाई होती, त्यामुळे हिशेबाची वही अजून रोज लिहिते. म्हणजे लिहायची. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा महावितरणच्या बिलावर थकबाकी दिसली. फडताळात हिंगाच्या चार डब्या, चारही न फोडलेल्या. आणि महिन्याच्या बीपीच्या गोळ्या महिना संपला तरी निम्म्या शिल्लक. आत्या मात्र दारात नेहमीसारखीच उभी, "बस, चहा टाकते."

एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ. माझ्याही घरी बिलं राहतात हो! पण आत्याच्या घरी कधी राहिली नव्हती. मुद्दा तोच आहे. तुलना चारचौघांशी नाही, तिची तिच्याशीच करायची.

घरी येऊन वाचत बसलो. अमेरिकेत लॉटन आणि ब्रॉडी या दोघांनी १९६९ साली आठ कामांची एक मोजपट्टी केली: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरची आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार. आंघोळ, कपडे घालणं, जेवण या मूलभूत गोष्टी वेगळ्या. त्यांची यादी कॅट्झने १९६३ मध्येच केली होती. आणि साधारणपणे आधी ही आठ कामं डळमळतात, आंघोळ-जेवण बरंच नंतर. आपण मात्र "स्वतःची आंघोळ स्वतः करते ना, मग ठीक आहे" म्हणून निश्चिंत असतो!

गंमत म्हणजे मूळ मोजपट्टीत पुरुषांसाठी स्वयंपाक, आवराआवर आणि धुणं वगळलेलं होतं. बरोबरच आहे. ज्या काकांनी जन्मात चहा केला नाही, त्यांना आता करता येत नाही यावरून काय कळणार?

दुसरी गोष्ट: विसरणं दिसलं की लगेच "डिमेन्शिया" म्हणू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, सोडियम कमी होणं, औषधांचे परिणाम, नैराश्य, अगदी कमी ऐकू येणं, यामुळेही माणूस गोंधळतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. गोंधळ एकदोन दिवसांत अचानक आला असेल तर थांबूच नका, लघवीचं इन्फेक्शनसुद्धा निघू शकतं. आत्याचं बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं चालू झाली.

खरी लढाई पुढे होती. "आत्या, एक बाई ठेवूया का?"

"मला काय झालंय? आज बाई आणाल, उद्या म्हणाल घर विका आणि चला आश्रमात."

म्हणजे भीती बाईची नव्हतीच, घर जाण्याची होती. ती कळल्यावर मी वाद घालणं सोडलं. म्हटलं, घर तुझं, किल्ली तुझी, बाईला कामं तूच सांगायचीस. फक्त वीजबिल माझ्या खात्यातून जाईल आणि गोळ्या आठवड्याच्या डबीत भरलेल्या असतील. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "महिनाभर बघू."

त्याला आता पाच महिने झाले. बाई सकाळी दोन तास येते. ती कोथिंबीर नीट निवडत नाही अशी आत्याची रोजची तक्रार आहे. मला ती तक्रार "मी मस्त आहे"पेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते :-)

ज्यांना कोणाशी बोलावं हेच कळत नाही, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी एल्डरलाइन आहे, २०२१ मध्ये देशभर सुरू झालेली. पण त्याआधी एक करा. उद्या रविवार आहे. फोन नको, प्रत्यक्ष जा. चहा होईपर्यंत फ्रिज उघडून बघा, गोळ्या मोजा, बिलं चाळा. आणि हो, मेगाब्लॉक बघून निघा.