शिखरजीच्या वाटेवर गंगेतील सूंस

डोणगाव-मेहकर परिसरातील जैन कुटुंबांना शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ हे घरचे तीर्थ वाटते. तरीही आयुष्यात एकदा सम्मेद शिखरजीची वंदना घडावी, ही इच्छा प्रत्येक घरात असते. त्या यात्रेला बनारस आणि चंपापुरी ही तीर्थे अनेकदा जोडली जातात. दोन्हीकडे गंगेच्या पात्रात एक दुर्मीळ जीव वावरतो. मात्र पूजा, भोजन आणि गाडीची वेळ यांच्या घाईत त्याच्याकडे लक्ष जात नाही.

हा जीव म्हणजे गंगेतील डॉल्फिन. तिकडचे नावाडी त्याला ‘सूंस’ म्हणतात. देवमाशाच्या कुळातील हा सस्तन प्राणी दोन ते अडीच मीटर लांब असतो आणि पिलाला दूध पाजतो. उन्हाळ्यात आटलेली पैनगंगा पाहणाऱ्यास नदीत एवढा प्राणी राहतो, हे खरे वाटणार नाही. जलचर पंचेंद्रिय तिर्यंचांत त्याची गणना होईल. पण त्याचे डोळे जवळजवळ निकामी असून त्याला केवळ उजेड-अंधार कळतो. स्वतः काढलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो गढूळ पाण्यात वाट व भक्ष्य शोधतो.

पाहण्याची पहिली जागा चंद्रावती. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांची ही जन्मभूमी बनारसच्या पुढे गंगेच्या काठावरच आहे. तेथून जवळच कैथी येथे गोमती गंगेस मिळते. संगमाच्या खोल पाण्यात सूंस रमतात. दुसरी जागा भागलपूर. बारावे तीर्थंकर वासुपूज्य यांची चंपापुरी शहरालगत नाथनगर येथे आहे. सुलतानगंज ते कहलगाव हे गंगेचे पात्र १९९१ पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य म्हणून राखीव आहे.

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली, की यात्रा निघतात. सूंस पाहण्याचा काळही तोच. पुराचे पाणी ओसरून पात्र शांत झालेले असते. नोव्हेंबर, फेब्रुवारी व मार्च हे महिने उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुके विरेपर्यंत थांबावे. श्वास घेण्यासाठी सूंस एक-दोन मिनिटांत वर येतो, क्षणभर लांब चोच व पाठ दिसते आणि पाणी पुन्हा मिटते. छायाचित्राच्या नादात तो क्षण बहुधा निसटतो.

सूंस २००९ साली राष्ट्रीय जलचर ठरला. २०२१ ते २०२३ मधील पाहणीत देशात ६,३२७ नदी-डॉल्फिन आढळले. त्यांपैकी तीन वगळता सर्व गंगा-ब्रह्मपुत्रेच्या जलव्यवस्थेतील. पूर्वी चरबीच्या तेलासाठी, मासे पकडण्याचे आमिष म्हणून, त्याची हत्या होत असे. कायद्याने बंदी असली, तरी जाळ्यात अडकून तो आजही मरतो. कारण वर येऊन श्वास घेता आला नाही, तर पाण्यातील हा जीव पाण्यातच गुदमरतो.

म्हणून यंत्रबोट स्वस्त मिळाली, तरी वल्ह्याची नाव घ्यावी. ऐकण्यावरच जगणाऱ्या जीवाला इंजिनाचा गोंगाट बाधतो. नदीत प्लास्टिक व निर्माल्य टाकू नये. जीवदयेची पावती फाडणाऱ्या समाजाने नावाड्याला चार पैसे अधिक देणे, हीही जीवदयाच. सूंस जिवंत असला, तर नावाड्याचे पोट भरते, हा हिशेब त्याला पटला, की राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.