संध्याकाळचा लिलाव

व्यापारात स्पर्धा असली की गिऱ्हाइकाचा लाभ होतो, असे आपण मानत आलो आहोत. बाजारात दोन कोळणी शेजारी-शेजारी पाट्या मांडून बसल्या की बोंबलाचा वाटा थोडा स्वस्त मिळतो. हे समजायला अर्थशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. परंतु गेल्या दहा वर्षांत आपल्या तळहातावरील फोनमध्ये जी स्पर्धा चालू आहे, तिच्यात गिऱ्हाईक कोण आणि मासळी कोण, हेच उमगेनासे झाले आहे.

थोडा इतिहास आठवू या. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि पहिले काही महिने इंटरनेट अक्षरशः फुकट वाटले गेले. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात आले. दूरदर्शनच्या एकाच संचासमोर सारी आळी बसत असे, त्या काळात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे स्थित्यंतर विस्मयकारक वाटले.

पुढे २०२२ साली आयपीएल क्रिकेटच्या पाच हंगामांच्या प्रक्षेपण-हक्कांचा लिलाव झाला. एकूण बोली ४८,३९० कोटी रुपयांवर गेली. भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने-स्टारने घेतले. फोनवर सामने दाखविण्याचे हक्क रिलायन्सच्या गटातील व्हायकॉम-१८ने २३,७५८ कोटींना घेतले. एवढी रक्कम मोजणाऱ्या कंपनीने २०२३ साली काय करावे? तिने जिओसिनेमावर सारे सामने फुकट दाखविले आणि मराठीसह बारा भाषांत समालोचन ऐकविले. मग डिस्नेच्या हॉटस्टारनेही त्याच वर्षीचा आशिया चषक आणि विश्वचषक फोनवर फुकट केला. दोन यजमान पाहुण्याला आग्रहाने वाढत आहेत, असेच ते दृश्य होते. परंतु १४ नोव्हेंबर २०२४ रोजी हे दोन यजमान एक झाले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार अवतरले आणि आधीचा सरसकट फुकटपणा सरला; वर्गणी किंवा ठरावीक रिचार्जची अट आली.

व्यापाऱ्याने पैसे मागितले, यात वावगे काही नाही. प्रश्न वेगळाच आहे. जेव्हा सारे फुकट होते, तेव्हा कोट्यवधी रुपये ओतून या कंपन्या नेमके काय विकत घेत होत्या? याचे उत्तर त्यांच्याच धुरीणांनी देऊन ठेवले आहे. आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, असे नेटफ्लिक्सचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली उघडपणे सांगितले होते. २०१९ च्या प्रारंभी त्याच कंपनीने भागधारकांना कळविले, की दुसऱ्या चित्रपट-वाहिनीपेक्षा फोर्टनाइट नावाचा खेळच आपला मोठा प्रतिस्पर्धी आहे. चित्रपट विकणाऱ्याला खेळ विकणाऱ्याचे भय वाटते, कारण दोघांचाही डोळा एकाच वस्तूवर आहे. ती वस्तू म्हणजे तुमची-आमची रिकामी घटका. तीच जाहिरातदारापुढे मांडता येते, तिच्याच सवयीवर उद्याची वर्गणी उभी राहते.

आपल्या कोळी बांधवांचे डोल जाळे आठवा. ते मासळीच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ते तोंड उघडे ठेवून बांधलेले असते. पाण्याचा ओघच जवळा आणि बोंबील आत आणून सोडतो. एक भाग संपण्याआधीच दुसरा आपोआप सुरू होतो, एक चित्रफीत सरकवली की दुसरी पुढ्यात येते, हीसुद्धा तशीच बांधणी आहे. दमलेला माणूस ओघाबरोबर वाहत जातो.

खेळांच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही खेळ बनविणारी कंपनी सुमारे ६,९०० कोटी डॉलरना घेतली. पोरांचा खेळ म्हणून ज्याकडे आपण दुर्लक्ष करतो, त्याची बाजारातली किंमत ही अशी! कित्येक खेळ सुरुवातीला फुकट असतात. मग त्यातील पात्राचा पोशाख, हत्यार, पुढची पायरी यांसाठी मूल आईचा फोन मागते. पैसे लावून खेळण्याचा प्रकार तर याहून घातक. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने होडीच्या नव्या इंजिनासाठी जमविलेली रक्कम फोनवरच्या पत्त्यांत घालविली. त्याची आई मला म्हणाली, “फादर, दारू प्यायला असता तर वासाने तरी कळलं असतं. हा तर आमच्याशेजारी बसून बुडाला.” त्या माउलीला काय उत्तर द्यावे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते इष्टच झाले. पण कायदा पैशाभोवती कुंपण घालील; संध्याकाळभोवती ते आपल्यालाच घालावे लागेल.

संध्याकाळीच असे काय मोठे असते, असे कोणी विचारील. त्याने रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला यावे. पोर्तुगीज सत्ता १७४० साली येथून उठली, परंतु तिच्या काळात जन्मलेली एक बोली तेथील ख्रिस्ती घरांत अजून नांदते. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारी माणसे सुमारे हजार. शाळा मराठीत, उपासना मराठीत, बाजारही मराठीत. मग ती पावणेतीनशे वर्षे टिकली कशी? चुलीपाशी, ओटीवर, जाळी विणताना, आजीने नातवंडांशी बोलल्यामुळे. तिला राजाश्रय नव्हता. दिवेलागणीनंतरची घटका-दोन घटका, एवढेच तिचे वतन. बारा भाषांत समालोचन देणारी कंपनी तेराव्या स्थानी या बोलीला कधी बसविणार नाही, कारण हजार माणसांत बाजार नसतो. आजी गप्प आणि नातू फोनात, अशा संध्याकाळी साचत गेल्या, तर जे सत्तांतराने मोडले नाही ते फुकटच्या करमणुकीने मोडेल. कोर्लईचे उदाहरण ठळक आहे, एवढेच. रोझरी, थोरल्यांच्या आठवणी, नवराबायकोचे सुखदुःखाचे बोलणे, हे सारे प्रत्येक घरात त्याच वतनावर जगत असते.

म्हणून फोन समुद्रात फेकावा काय? मुळीच नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगड किनाऱ्यावर आदळले. वीज गेली, मनोरे पडले, फोन मुके झाले. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. मुंबईतील लेकीला आपण सुखरूप आहोत, एवढे कळविण्यासाठी म्हातारी माणसे कासावीस झाली होती. बोटीवर नोकरीला गेलेला मुलगा आईला आज फोनवर दिसतो, हे याच तंत्रज्ञानाचे देणे आहे. कृतज्ञता अवश्य असावी. मालकी मात्र आपली असावी.

माझी सूचना अगदी लहान आहे. दिवेलागणीनंतरचा एक तास घरातील सारे फोन एका फळीवर ठेवावेत, आणि पहिला फोन वडिलांनी ठेवावा. मुलांना उपदेश करून आपण बातम्या चाळीत बसलो, तर ती आपले ऐकणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्या तासात काय करावे, याची यादी मी देत नाही. आधी थोडे अवघडल्यासारखे होईल, मग कोणीतरी बोलू लागेल. कदाचित आजीच प्रथम बोलेल.